पेले कोण विसळणार?

"मावशी, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, वय ३४, नोकरी करते. घरी आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू दरवर्षी थाटात होतं, पन्नासेक जणी येतात. गेल्या वर्षी मी म्हटलं होतं, यंदा प्लास्टिक नको, थर्माकोल नको. सासूबाई 'बरं' म्हणाल्या. संध्याकाळी ऑफिसातून आले तर ओट्यावर कागदी कपांची थप्पी, गौरीच्या मागे थर्माकोलची कमान आणि वाणाला प्लास्टिकचे डबे! माझा तोल गेला आणि आलेल्या बायकांसमोर मी त्यांना बोलले. त्या आत जाऊन रडल्या. नणंद म्हणाली, 'पर्यावरण पर्यावरण करून आईचा सण नासवलास.' आता चैत्र तोंडावर आलाय आणि सासूबाई म्हणतायत, 'यंदा हळदीकुंकूच नको.' मला सण हवाय, माणसं हवीत. पण रात्री जिन्यात कचऱ्याच्या चार पिशव्या बांधून ठेवायच्या नाहीत. काय करू?"

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडखळले. तू लिहितेस, 'संध्याकाळी ऑफिसातून आले.' म्हणजे दिवसभर घरात सासूबाई एकट्या होत्या. डाळ वाटणं, कैऱ्या किसणं, पन्हं, हरभरे, आरास, सगळं त्यांच्या अंगावर. आता हिशोब मांड. पन्नास बायका म्हणजे पन्नास पेले, पन्नास बशा, पन्नास चमचे. दीडशे नग, तेही डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातल्या एका सिंकमध्ये, एप्रिलच्या उकाड्यात, नळाच्या वेळा सांभाळून. सासूबाईंनी 'बरं' म्हटलं ते मनापासूनच असेल. पण दुपारी केव्हातरी त्यांच्या मनात आलं असेल, हे सगळं विसळणार कोण? आणि त्यांनी खालच्या दुकानातून कप मागवले.

आपल्या घरांत कागदी कप आणि थर्माकोलच्या ताटल्या शिरल्या त्या निसर्गाशी वैर म्हणून शिरल्या नाहीत. बायकांच्या पाठीला आराम मिळाला म्हणून शिरल्या. तेव्हा घरातून कप बाहेर काढायचा असेल, तर त्याने वाचवलेलं काम कोण करणार हे आधी ठरवायला हवं. ते न ठरवता 'प्लास्टिक नको' म्हटलं, की त्याचा अर्थ सासूबाईंच्या कानाला 'तुम्ही घासा' असाच लागतो.

म्हणून आधी त्यांच्याशी बोल, आणि सुरुवात माफीने कर. तुझं म्हणणं बरोबर होतं, पण चारचौघांत बोललीस ते चुकलं. तेवढंच म्हण आणि थांब. 'पण तुम्हीही' असं एक अक्षर पुढे जोडलंस तर माफी वाया गेली. ही गोष्ट नवऱ्याकरवी कळवू नकोस. दुपारचा चहा घेऊन त्यांच्याशेजारी बस आणि बोल.

मग त्यांना विचार, त्यांच्या माहेरी गौर कशी बसायची. हे मी गोडीगुलाबीसाठी सांगत नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपणाला असते. तुला हवी ती सगळी उत्तरं या महिन्यातच आहेत. पूर्वी आळीत आज एकीकडे, परवा दुसरीकडे अशी हळदीकुंकवं चालत. मंगळवार-शुक्रवार बघत, पण एकाच संध्याकाळी अख्खं गाव घरात कोंबायचा हट्ट नसे. तुला महिना मिळालाय, मग पन्नास जणी एकाच दिवशी कशाला? एका शुक्रवारी सोसायटीतल्या आणि सासूबाईंच्या भजनातल्या, आणि एखाद्या रविवारी नातेवाईक आणि तुझ्या मैत्रिणी. पंचवीस-पंचवीस. पंचवीस पेले बहुतेक घरांत निघतात. माणसं कमी असली की बसायला जागा होते, प्रत्येकीशी दोन शब्द बोलता येतात, आणि नुसतं 'घ्या, घ्या, या आता' असं होत नाही. माझ्या मते तुझी निम्मी अडचण इथेच सुटते.

पेल्यांसाठी माळा उघड. तुझ्या सासूबाईंच्या पिढीच्या लग्नात स्टीलची भांडी ढिगाने यायची आणि देणाऱ्याचं नाव त्यावर कोरलेलं असायचं. ते खाली काढताना त्यांना शेजारी बसव. 'हा आत्याबाईंनी दिला, हा शेजारच्या काकूंनी' हे ऐकून घे. कमी पडले तर शेजारी माग. नाहीतर केटरर किंवा मंडपवाल्याकडे पेले, बशा, चमचे भाड्याने मिळतात. एक सावधगिरी मात्र बाळग. हौसेने पितळी पातेलं काढून त्यात पन्हं ओतशील, तर आधी कल्हई बघ. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं आणि पोटाला बाधतं. पन्हं स्टीलच्या पातेल्यात किंवा काचेच्या बरणीतच बरं.

आता विसळणं. हे तुझ्या नवऱ्याचं काम. तू पत्रात त्याच्याबद्दल एक शब्दही लिहिलेला नाहीस, म्हणून मुद्दाम सांगते. त्या दिवशी त्याने लवकर यायचं आणि सिंकपाशी उभं राहायचं. 'मदत करतोस का' असं विचारू नकोस, त्याच्या वाट्याचं काम म्हणून सांग. पाणी जपायचं असेल तर तीन टब ठेवा: पहिल्यात खरकटं काढायचं, दुसऱ्यात घासायचं, तिसऱ्यात विसळायचं. वाहत्या नळाखाली जातं त्याच्या कितीतरी कमी पाण्यात काम होतं, आणि शेवटच्या टबातलं पाणी बाथरूम धुवायला वापरता येतं. कामाच्या मावशींना त्या संध्याकाळी बोलवायचं असेल तर आधी विचार, वेगळे पैसे ठरव, आणि त्या नाही म्हणाल्या तर विषय सोड. त्यांना हळदीकुंकवाला बोलावणार असशील तर त्या दिवशी भांड्यांना मुळीच बोलावू नकोस. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला सिंक दाखवणं मला अजिबात पटत नाही.

कागदी कपांबद्दल एवढंच सांगते, की ते नुसते कागदी नसतात. चहा-पन्हं झिरपू नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते रद्दीतही जात नाहीत आणि खतातही कुजत नाहीत. थर्माकोलच्या ताटल्या आणि कप महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, आणि सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर. तरी बाजारात मिळतो, हे आपण पाहतोच. पण हा कायदा सासूबाईंना वाचून दाखवू नकोस. दुकानदाराला जरूर सांग. आणि गेल्या वर्षीची कमान माळ्यावर असेलच तर आता रागाने फेकून काय मिळणार? प्लास्टिकचे उरलेले डबेही घरात डाळी-साळींना वापरून टाक.

आरास सासूबाईंच्या हाती सोपव आणि तू त्यांच्या हाताखाली राब. पत्र्याचे डबे उलटे मांडून पायऱ्या करायच्या, त्यांवर त्यांची जुनी इरकली किंवा पैठणी अंथरायची. मागे आणखी एक साडी सोडली की कमानीची आठवणही होणार नाही. पायऱ्यांवर कैऱ्या, काकड्या, कमळासारखं कापलेलं कलिंगड, वाळ्याचा पंखा. गौर आणि झोपाळा चिंचेने घासायचं काम मुलीला दे, पितळ उजळताना बघायला मुलांना फार आवडतं. फुलबाजारात जाताना ओलं फडकं घातलेला डबा ने, म्हणजे मोगऱ्याचे गजरे पिशवीत घामेजून पिवळे पडणार नाहीत.

आणि चैत्रांगण! फ्लॅटचं दार लहान असतं, म्हणून अलीकडे स्टिकर चिकटवतात. त्यापेक्षा एका मोठ्या पाटाला गेरू लाव, रात्रभर वाळू दे, आणि सकाळी सासूबाईंनी नातीला शेजारी घेऊन पांढऱ्या रांगोळीने काढू दे. मधे झोपाळ्यातली गौर, वर सूर्य-चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, गोपद्मं. कासवाचे पाय कुठे येतात आणि नागाचं वेटोळं एका दमात कसं सोडायचं, हे सासूबाईंच्या चिमटीला ठाऊक असतं. तुझ्या लेकीला ते छापील चित्रावरून येणार नाही. सकाळचे दोन तास त्यांना फक्त यासाठी मोकळे मिळाले पाहिजेत, म्हणजेच स्वयंपाकाचं काम तोवर दुसऱ्या कुणीतरी उरकलेलं हवं.

ते असं उरकता येईल. पन्ह्याच्या कैऱ्या आदल्या रात्री उकडून गर काढून ठेवायचा. वाटीभर गराला दीड-दोन वाट्या गूळ, कैरीच्या आंबटपणावर बघ, शिवाय वेलची आणि चिमूटभर मीठ. पाणी माठातलं घाल. माठात वाळ्याची जुडी सोडलीस तर बर्फ कुणी मागणार नाही. डाळीसाठी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजत घालून भरड वाट, पण कैरी आणि फोडणी दोन हप्त्यांत घाल, सगळी एकदम कालवू नकोस. एप्रिलमध्ये कालवलेली डाळ फार वेळ टिकत नाही, आणि आंबलेली डाळ टाकून देणं हाही कचराच. कोरडी उरलेली वाटली डाळ फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी वडे होतात. डाळ द्यायला पळसाच्या पानांचे द्रोण मिळतात. कोकणातून कुणी येणार असेल तर पोफळीच्या विरीच्या वाट्याही मागव. वापरून झाल्या की दोन्ही तुकडे करून खताच्या डब्यात जातात.

हरभऱ्यांपाशी सगळे अडतात, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. ओटी पदरात घ्यायची. पण आता निम्म्या मुली कुर्त्यात किंवा जीन्समध्ये येतात, पदरच नसतो, आणि हरभरे ओले. मग प्लास्टिकची पिशवी पुढे येते. तर दुपारीच हरभरे उपसून स्वच्छ धोतराच्या फडक्यावर तासभर पसरून ठेव, वरचं पाणी सुकेल. आणि निमंत्रणाच्या मेसेजमध्ये शेवटी साधी ओळ घाल: 'येताना ओटीसाठी छोटा डबा आणा.' कारण देऊ नकोस, पर्यावरणाचा उल्लेखही नको. बायका आणतात. विसरलेल्या चौघी-पाचजणींसाठी केळीच्या पानाचे पुडे दोऱ्याने बांधून तयार ठेव.

वाणाचं म्हणशील तर लुटायची चाल मुळात संक्रांतीची. चैत्रात हरभऱ्यांची ओटी, एखादं फळ, गजरा आणि हातावर गुलाबपाणी, एवढ्यावर पाहुणी तृप्त होऊन जाते. तरी सासूबाईंना काही द्यावंसं वाटलं तर प्रत्येकीला एक-एक कैरी दे. हल्ली रोपं वाटतात, त्याला मात्र माझा विरोध आहे. ज्यांच्या घरी ऊन येत नाही त्यांच्याकडे ती मे महिन्यात सुकतात, आणि प्लास्टिकची कुंडी किंवा पिशवी मागे उरते.

आलेल्या कुणाला काही शिकवू नकोस. दारात 'प्लास्टिकमुक्त' अशी पाटी नको. कुणी चकचकीत कागदात गुंडाळलेली भेट आणली तर हसून घे. 'यंदा काही वेगळंच, छान वाटतंय' असं कुणी म्हणालं, तर 'आईंनी केलंय' म्हण. ते खोटं ठरणार नाही. आरास त्यांची, चैत्रांगण त्यांचं, पेलेही त्यांचेच असतील.

एवढं करूनही सासूबाई नको म्हणाल्या तर? त्यांचा नकार बहुधा अपमानाचा आहे, आणि अपमान एका चहाने जात नाही. मग यंदा हट्ट धरू नकोस. तृतीयेला गौर मात्र बसव, नैवेद्य दाखव, आणि पहिल्या शुक्रवारी शेजारच्या पाचजणींना बोलाव. दीडशे नगांचा धसका गेला की कदाचित त्याच म्हणतील, पुढच्या शुक्रवारी आणखी दहाजणींना सांगू या. अक्षय तृतीयेपर्यंत वेळ आहे.

राहिली नणंद. तिला निमंत्रणाचा मेसेज पाठवून मोकळी होऊ नकोस, फोन कर, आणि तूच कर. गेल्या वर्षीचा विषय तिने काढला तर ऐकून घे. आपल्या आईला रडताना पाहून ती बोलली, तिच्या जागी तूही बोलली असतीस. मग तिला सांग की पेले कमी पडतायत, तुझ्याकडचे डझनभर घेऊन ये, आणि चारलाच ये, डाळ आपण दोघी कालवू.

— मावशी