पुलस्त्याशेजारचा डाग

प्रश्न : सर, मे महिन्यात भाचा सहा इंची दुर्बीण घेऊन विट्याला आला होता. सप्तर्षीतल्या पुलस्त्याजवळ 'एम १०९' दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, दाखवतो म्हणाला. मधोमध आडवा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांपासून निघालेल्या वळणदार भुजा, असा फोटो आधी दाखवला. गच्चीवर तासभर डोळा लावल्यावर दिसला फक्त धुरकट ठिपका! दीर म्हणतात, असले फोटो रंगवलेले असतात. खरं काय?

उत्तर : ठिपका दिसला हेच पुष्कळ. साताऱ्यात माझ्या गच्चीवरून मला तोही कधी दिसला नाही. शेवटी चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. तिथं वाऱ्यानं तिपाई हलायची. तिसऱ्या खेपेला सापडली एकदाची. सौ.नं डोळा लावला आणि म्हणाली, "काचेवर पीठ सांडलंय, पुसा की!"

एम १०९च्या शोधाचं श्रेय पिएर मेशें या फ्रेंच निरीक्षकाला देतात, साल १७८१. (त्यानं पाहिली ती शेजारचीच दुसरी दीर्घिका, असंही काही अभ्यासक म्हणतात.) काही असो, त्यालाही पीठच दिसलं असणार. दांडा त्याच्या नोंदीत नाही. दीर्घिकेची सर्पिल भुजा पहिल्यांदा ओळखली लॉर्ड रॉस यांनी, १८४५ मध्ये, तीही दुसऱ्याच दीर्घिकेत आणि ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून. दांडेवाल्यांचा वेगळा गट हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये मांडला, तो काचेच्या पट्ट्यांवर घेतलेले फोटो बघून. म्हणजे ठिपका आणि दांडा यांच्यात सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. तुमच्या भाच्याला एका तासात दोन्ही हवे होते!

डोळा म्हणजे ओंजळ, भरली की सांडते. कॅमेरा म्हणजे बारीक धारेखाली ठेवलेली घागर. तासन्‌तास प्रकाश साठवतो, म्हणून अंधुक भुजा उमटतात. रंग थोडे खुलवतात, तेवढं दिरांचं बरोबर. आकार मात्र कुणी काढलेला नसतो.

हे पीठ साधारण ८ कोटी प्रकाशवर्षांवरचं. अंतराचे अंदाज मागेपुढे होतात, पण हा आकडा धरला तर तुम्ही पाहिलेला प्रकाश निघाला तेव्हा कास पठाराचा कातळ अजून लाव्हाही झाला नव्हता.

पुढच्या एप्रिलच्या अमावास्येला गावाबाहेर जा. मोबाइल अर्धा तास खिशात ठेवा. पुलस्त्याला दुर्बिणीत दिसणाऱ्या चौकटीबाहेर सरकवा, त्याची चमकच घात करते. आणि ठिपक्याकडे थेट न बघता जरा बाजूला बघा.