‘पी५३-विरोधी’ की ‘पी५३ ओळखणारं’?

प्रश्न असा: प्रयोगशाळेतल्या कुपीवर ‘अँटी-पी५३ अँटीबॉडी’ लिहिलेलं असतं. पी५३ हे पेशीतलं एक प्रथिन, ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुकांचं काम वाढवणारं किंवा रोखणारं. मग मराठीत ‘पी५३ या प्रतिलेखन घटकाविरोधी प्रतिपिंड’ म्हणावं का?

अँटीबॉडी म्हणजे शरीरात तयार होणारं, ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन; त्यासाठी ‘प्रतिपिंड’ उत्तम. ‘विरोधी’ मात्र नको. हे प्रतिपिंड पी५३ ला नेमकं ओळखतं आणि घट्ट धरतं. त्यावरून प्रथिन तिथे आहे हे आपल्याला कळतं. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन शोधण्याच्या चाचणीत तर पेशींचा अर्क एसडीएस हे डिटर्जंट घालून तापवलेला असतो, प्रथिनाची घडी उलगडून गेलेली असते. जेलमधून पातळ पडद्यावर उतरवून चिकटवलेल्या अशा प्रथिनाला विरोध कसला करायचा?

‘अँटी’ आला तो रोगांच्या अभ्यासातून. १८९० साली बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की धनुर्वात आणि घटसर्पाचं विष टोचून प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्यांच्या रक्तद्रवानं ते विष निष्प्रभ होतं. पुढच्याच वर्षी पाउल एर्लिख यांनी ‘अँटिकॉर्पर’ हा जर्मन शब्द वापरला. तिथे विरोध खरा होता. पुढे त्याच रेणूंकडे शोधण्याचं काम आलं, शब्द तोच राहिला.

कुपीवर ‘रॅबिट अँटी-ह्यूमन पी५३’ असेल तर अडचण आणखी वाढते, कारण शब्दशः भाषांतरात ससा माणसाविरुद्ध उभा राहतो. अर्थ एवढाच: माणसाचं पी५३ ओळखणारं, सशात तयार केलेलं प्रतिपिंड. ही मराठी रचना मला मूळ लेबलापेक्षा स्पष्ट वाटते. कोण कुणाला ओळखतं आणि कुठे तयार झालं, दोन्ही उलगडून कळतं.

आता ‘प्रति’कडे बघा, मला या प्रश्नातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. ‘प्रतिलेखन’मधला ‘प्रति’ प्रतिकृतीतला: डीएनएवरचा मजकूर आरएनएत उतरवून घेणं. ‘प्रतिपिंड’मधला ‘प्रति’ प्रतिकारातला. एकाच उपसर्गाचे दोन अर्थ एका वाक्यात शेजारी बसतात आणि तरी गोंधळ होत नाही.

‘घटक’ रूढ आहे, पण त्यातून साहित्यातला एखादा जिन्नस असल्यासारखं वाटतं. हे प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी बसून जनुकाचं प्रतिलेखन वाढवतं किंवा रोखतं. लॅटिनमध्येही ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा. म्हणून मी ‘प्रतिलेखन कारक’ लिहितो.

कुपीचं नाव म्हणून लिहायचं असेल तर ‘अँटी-पी५३’ तसंच ठेवा. नावातला ५३ हा आकडा तरी कुठे शब्दशः खरा आहे? प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर हे प्रथिन ५३ किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) आसपास दिसलं म्हणून ते नाव पडलं. त्यातल्या ३९३ अमिनो आम्लांचं वजन मोजलं तर ते ४४ च्या आसपास भरतं. प्रोलिन भरपूर असलेल्या भागामुळे ते जेलमध्ये रेंगाळतं आणि आहे त्यापेक्षा जड दिसतं.