बॅटरीवरच्या नाहीतर हायब्रिड विमानावर उडायला शिकायचं म्हणतोस?

अरे, बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमानं बघून डोक्यात शिरलेलं दिसतंय! आधी वजनाचा हिशोब मांड. किलोभर पेट्रोलात साधारण १२ किलोवॉट-तास ऊर्जा. किलोभर बॅटरीत पाव किलोवॉट-ताससुद्धा मुश्किलीनं. मोटर ऊर्जा कमी वाया घालवते, खरं, पण एवढी दरी बुजत नाही. शिवाय पेट्रोल जळेल तसं विमान हलकं होतं, बॅटरी उतरतानाही तेवढीच जड.

२०२० मध्ये युरोपात प्रमाणपत्र मिळालेलं पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो हे बॅटरीवरचं दोन सीटचं विमान जेमतेम ५० मिनिटं उडतं. धावपट्टीभोवती चकरा मारायला झकास. हुबळीला जाऊन परत यायचं नाव काढू नकोस. माझी ई-स्कूटर खानापूरहून येताना चढावर टक्के कशी गिळते, बघितलंयस ना? तिथं निदान कडेला थांबता येतं.

हायब्रिडमध्ये इंजिन, मोटर, बॅटरी सगळंच वाहायचं. दोन सीटच्या विमानात मग सोबती घरीच ठेवावा लागेल. सध्या पेट्रोलवरच शिक.