मॉन्स्टेराची पानं पिवळी पडतायत

प्रश्न: ताई, हॉलमधल्या मॉन्स्टेराची खालची तीन पानं पंधरा दिवसांत पिवळी झाली. पाणी रोज न चुकता घालते, मग कमी काय पडतंय? – एक वाचक, पुणे

उत्तर: अहो, कमी नाही, जास्तच पडतंय! ऐन पावसाळ्यात रोज पाणी म्हणजे मुळं गुदमरणार, कारण हे झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या जंगलातलं, तिथे ते मोठ्या झाडांवर चढतं आणि त्याच्या मुळांना हवा लागते. आधी कुंडीखाली भोक आहे का बघा, ती शोभेची चिनी मातीची कुंडी असेल तर बहुतेक नसणारच. मग झाड अलगद उपसून मुळं बघा, पांढरी-टणक असतील तर फक्त पाणी थांबवा, पण तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वास येणारी असतील तर स्वच्छ कात्रीने कापा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), थोडं गांडूळखत अशा भुसभुशीत मिश्रणात लावा. यापुढे बोट दोन इंच आत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. वरून वेगळं खत आत्ता अजिबात नको, आजारी माणसाला कोणी पुरणपोळी वाढतं का! पिवळी झालेली पानं काही परत हिरवी होत नाहीत, खुशाल काढून टाका.