योगसाधनेचा धर्म होऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं एका गटाबरोबर ध्यान करताय. गटातले सांगतात, हा धर्म नव्हे. बायको म्हणते, तुमचा नवा धर्मच झालाय. मला वाटतं, वहिनींचं म्हणणं उडवून लावू नका. साधनेचा धर्म होऊ शकतो, आणि आतल्या माणसाला ते सगळ्यात शेवटी कळतं.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पाच सरकारी हायस्कुलांत महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान ऐच्छिक विषय म्हणून शिकवत. हे शास्त्र आहे, धर्म नाही, अशी भूमिका होती. पण मंत्र घ्यायचा तर आधी पूजा. मुलांनी फळं, फुलं आणि पांढरा रुमाल घेऊन यायचं; शिक्षक महर्षींच्या गुरूंच्या, म्हणजे गुरुदेवांच्या, तसबिरीपुढे संस्कृतात स्तवन म्हणणार. प्रकरण कोर्टात गेलं. १९७७ मध्ये, आणि अपिलात १९७९ मध्येही, हे धार्मिक आहे, सरकारी शाळेत चालणार नाही, असाच निकाल लागला. उलट कॅलिफोर्नियात एन्सिनिटासच्या शाळांमधल्या योगवर्गांना २०१५ साली अपील कोर्टानं धर्म मानलं नाही. तिथे आसनांची संस्कृत नावंसुद्धा काढून टाकली होती.

मला स्वतःला पूजेत काही वावगं वाटत नाही. ज्ञानेश्वर महाराजांची परंपरा नाथांची, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं, म्हणजे योगानं जागी होणाऱ्या शक्तीचं, केवढं वर्णन आहे! तरी टाळ घेऊन वारीला निघालेल्याला कुणी कुंडलिनी विचारत नाही. माझी कसोटी वेगळी आहे. पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात ‘ईश्वरप्रणिधानाद्वा’, म्हणजे किंवा ईश्वराला शरण जाऊन, असं सूत्र आहे. पुढे ‘यथाभिमतध्यानाद्वा’, म्हणजे किंवा तुला जे रुचेल त्याचं ध्यान कर. तो ‘वा’ मला फार मोलाचा वाटतो. ईश्वरसुद्धा तिथे ‘किंवा’ म्हणून येतो. हा ‘वा’ पुसला गेला आणि त्या जागी ‘हेच’ आलं, की साधना संपून पंथ सुरू झाला.

मी पूर्वी एका वर्गाला जायचो. तिथे सत्तरीच्या एक आजी यायच्या, गुडघे धरलेले, भिंतीला टेकून बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “मी डोळे मिटून मारुतीस्तोत्र म्हटलं तर चालेल का हो?” उत्तर आलं, “मग इथे येऊन उपयोग नाही. आजवरचं सगळं वाया जाईल.” आजींनी पिशवीतली छोटी पोथी आत ढकलली आणि पिशवीची चेन लावली. मला त्या चेनचा आवाज अजून आठवतो. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही, याचं वाईट वाटतं.

तुम्हीही गटात एकदा विचारून बघा: महिनाभर आलो नाही तर चालेल का? दुसऱ्या कुणाकडे शिकलो तर? उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. आणि घरी आल्यावर वहिनींना सांगा, काय उत्तर मिळालं ते.