कर्णाला कोणत्या पारड्यात टाकावे?

प्रश्न : आमच्याकडे मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) दिवसांत रात्रभर नाटक असते आणि त्यातला खलनायक रंगमंचावर येताच ओळखू येतो. महाभारतातील कर्ण मात्र सज्जन की दुर्जन, हे ठरवता येत नाही. आपले मत काय?
(एक वाचक, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : झाडीपट्टीच्या, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकात खलनायकाला पडणाऱ्या शिव्या ही नटाला मिळालेली पावतीच असते, आणि पहाटेपर्यंत प्रेक्षकांना जागे ठेवायचे तर अशी ठळक पात्रे लागतातच. कर्णाचा विचार मात्र प्रसंग धरून करावा. सभापर्वात द्रौपदीला ‘बंधकी’ (वेश्या) म्हणणारा आणि तिचे वस्त्र हिरावून घ्यायला दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. त्याला दुसरा मार्ग नव्हता असेही म्हणता येत नाही, कारण त्याच सभेत दुर्योधनाचा भाऊ विकर्ण उभा राहून तिच्या बाजूने बोलला. (कर्णाचे चाहते हा प्रसंग घाईने उरकतात, ही माझी जुनी तक्रार आहे.) पुढे उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा पराभव समोर दिसत असूनही तो दुर्योधनाला सोडत नाही, आणि त्याला खूश करण्यासाठी पांडवांना कटू बोललो याचा पश्चात्ताप होतो, असेही कबूल करतो. चूक कळली, पण बाजू बदलली नाही. खाल्ल्या मिठाला जागणे हा गुण खराच, तरी तो अन्यायाच्या कामी आला. म्हणून मी त्याला सज्जन म्हणणार नाही, वाईट निवड करणारा मोठा माणूस म्हणेन. विकर्णही अखेर कौरवांकडूनच लढला आणि भीमाच्या हातून मारला गेला, तेव्हा त्यालाही सरसकट सज्जनांत बसवता येणार नाही.