वाचकांचे प्रश्न : फिलिपिनो माणसं पुस्तकं कुठून घेतात?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा नातू फिलिपीन्समध्ये दावावला डॉक्टरकी शिकतोय. तो सांगतो, की ओळखीच्या फिलिपिनो मुली मॉलमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात तासन्‌तास रमतात आणि घरी नेलेल्या प्रत्येक पुस्तकाला पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घालतात. त्याचे एक शिक्षक मात्र म्हणाले, 'आमचे लोक वाचत नाहीत.' खरं काय समजायचं? मी दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी वाचनालयाचं काम बघतो, आमच्याकडेही हे वाक्य रोज कानावर पडतं. आणि सुट्टीत येताना त्याने तिकडचं कोणतं पुस्तक आणावं?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : काका, नमस्कार. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही मनिलात राहत होतो, तेव्हा ते वाक्य मीही पुष्कळदा ऐकलं. मला ते कधीच पटलं नाही. असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नवंकोरं, जाड, इंग्रजी पुस्तक असतं, आणि ते घेणं परवडणारा वर्ग तिथे लहान आहे. बाकीचे लोक काय वाचतात हे त्यांच्या हिशेबात येतच नाही.

नातवाने पाहिलं ते दुकान बहुधा 'बुकसेल' असावं. अमेरिकेतली न खपलेली आणि वापरलेली पुस्तकं तिथे स्वस्तात मिळत. मांडणी अशी नसेच. ढीग उपसायचा, हाताला लागेल ते चाळायचं. मी स्वयंपाकाच्या पुस्तकाखाली रशियन कथासंग्रह पाहिलाय. शाळकरी मुलं, नर्सिंगच्या मुली, ऑफिस सुटल्यावर आलेले कारकून, सगळे एकाच ढिगात हात घालून उभे असत. विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं मनिलाच्या रेक्टो रस्त्यावर जुनी मिळतात, सत्र संपलं की पुन्हा तिथेच विकता येतात. प्लास्टिकचं म्हणाल, तर हवा दमट, पाऊस धो धो, आणि पुस्तक जीपनीतून, म्हणजे तिथल्या उघड्या खिडक्यांच्या प्रवासी गाडीतून, जायचं असतं. शाळा सुरू होताना 'नॅशनल बुक स्टोअर'मध्ये कव्हरच्या प्लास्टिकसाठी गर्दी उसळते. हे दुकान सोकोरो रामोस या बाईंनी नवऱ्याबरोबर 1942 मध्ये मनिलाच्या एस्कोल्टा भागात सुरू केलं. जपानी अमलात पुस्तकांवर सेन्सॉर बसला, तेव्हा त्यांनी साबण आणि चपला विकल्या, पण दुकान चालू ठेवलं.

न वाचणाऱ्या देशात पुस्तकांवरच्या जकातीविरुद्ध लोक भांडले असते का? 2009 च्या सुरुवातीला तिथल्या कस्टम्सने आयात पुस्तकांवर कर मागायला सुरुवात केली. आयात पुस्तकांवर जकात न लावण्याच्या युनेस्कोच्या फ्लॉरेन्स करारावर फिलिपीन्सची सही होती, शिवाय पुस्तकांना जकात माफ करणारा 1995 चा त्यांचा स्वतःचा कायदाही होता. वाचक, लेखक आणि विक्रेत्यांनी इतकी ओरड केली, की मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष अरोयो यांना तो कर काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला.

आता ज्याकडे तिथले सुशिक्षित लोक नाक मुरडतात ते सांगते, कारण मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. 1990 च्या दशकापासून 'प्रेशस हार्ट्स रोमान्सेस'सारख्या मालिकांची टागालोग या तिथल्या भाषेतली पॉकेटबुकं निघू लागली. पातळ, हलक्या कागदाची, प्रेमकथांची. दुकानात उभं राहून काम करणाऱ्या मुली, घरकाम करणाऱ्या बायका ती एकमेकींना देत, फाटेपर्यंत वाचत. त्याआधी 'कोमिक्स' म्हणजे चित्रकथा गल्लीतल्या किराणा दुकानात भाड्याने मिळत, बाकावर बसून वाचायच्या आणि परत द्यायच्या. आणि 2010 नंतर मोबाइलवर वॉटपॅड आलं, म्हणजे कोणालाही कथा लिहिता-वाचता येणारं अ‍ॅप. घरात बोलतात तशा इंग्रजीमिश्रित टागालोगमध्ये कॉलेजच्या मुलींनी कथा लिहिल्या, त्यांच्याच वयाच्या मुलींनी फुकट वाचल्या. प्रकाशकांनी त्या छापल्यावर त्याच मुलींनी खाऊचे पैसे साठवून विकतही घेतल्या. फुकट वाचून झालेली गोष्ट जी मुलगी पैसे देऊन घरात आणते, तिला मी तरी वाचकच म्हणेन, पहिल्या प्रतीची वाचक.

तुमच्या वाचनालयासाठी एक गोष्ट सुचवते. मनिलाला लागून असलेल्या मकाती शहरात एका गृहस्थांनी 2000 मध्ये आईवडिलांच्या आठवणीसाठी घरासमोर जुनी पुस्तकं मांडली. शंभरही नव्हती. वर्गणी नाही, नोंद नाही, परतीची तारीख नाही. हवं ते न्या, वाटलं तर आणून द्या. पुस्तकं कमी होण्याऐवजी वाढतच गेली, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. तुमच्या कपाटाला कुलूप आहे का, काका? संध्याकाळी मुलं क्लासला जातात तेव्हा वाचनालय उघडं असतं का? आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं काम सुरू केलं, तेव्हा पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या जात. वाचकाने येण्याची वाट बघितली नव्हती. दारात एक टेबल टाका. त्यावर दिवाळी अंक, रहस्यकथा, पातळ विनोदी पुस्तकं ठेवा, आणि कोणी उचलून नेलं तर हाक मारून थांबवू नका. इथल्या मुलांची मराठी गुजरातीमिश्रित असते. तशा मराठीत त्यांनी काही लिहिलं, तर ते भिंतीवर लावा. शुद्धलेखन नंतर बघू.

नातवाला दोन पुस्तकं सांगा. एक, फिलिपीन्सचे राष्ट्रनायक मानले जाणारे लेखक होसे रिझाल यांची 1887 ची कादंबरी 'नोली मे तांगेरे'. मूळ स्पॅनिश, पण 1956 च्या कायद्याने तिथल्या विद्यार्थ्यांना रिझालच्या कादंबऱ्या अभ्यासाव्याच लागतात. सोलेदाद लाक्सोन-लोक्सिन यांचा इंग्रजी अनुवाद मागायचा. दुसरं, 'अदार्ना हाउस'चं लहान मुलांचं एखादं चित्रपुस्तक. त्यांच्या बऱ्याच पुस्तकांत फिलिपिनो आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी असतो. तुमच्या टेबलावर तेही ठेवता येईल.